खळ, कागद आणि दोरा

2025 साली पाडवा आला रविवारी आणि रमजान ईद सोमवारी. 30 मार्च आणि 31 मार्च. पाडव्याची संध्याकाळ तीच चाँदरात.

आम्ही दोघी बहिणी. एक शाळेत शिकवते, दुसरी घरी शिवणकाम करते. दोघींची सासरे सोलापुरातच, आणि अम्मीचे घर दोन्हींच्या मधे, पूर्वभागाला लागून असलेल्या आमच्या जुन्या गल्लीत. रमजानमध्ये असरच्या नमाजनंतर इफ्तारपर्यंतचा वेळ लहान मुलांच्या घरात कसा जातो, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. मोठी माणसे रोजाने थकलेली असतात, स्वयंपाकघरात भज्यांची आणि फळे कापण्याची घाई असते आणि रोजा नसलेली मुले पायात पायात करतात. त्या वर्षी आम्ही ठरवले की हा तासभर चारही पोरे अम्मीच्या घरी गोळा करायची, मोबाइल काढून घ्यायचे आणि त्यांच्या हाताला काहीतरी काम द्यायचे. सगळ्यात मोठी आठ वर्षांची, सगळ्यात धाकटा पाच वर्षांचा.

तलाक, दंगल, ओळख, आरक्षण या विषयांवर आपल्या अंकांतून पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते लिहायलाच हवे होते. पण आपल्या घरातली लहान मुले हाताने काय करतात, यावर आमच्या वाचनात फारसे काही आले नाही. म्हणून हे थोडे लिहितो आहोत. विषय कागदाच्या चांदण्यांचा आहे. पण लिहायला बसलो तेव्हा तो तेवढाच राहिला नाही.

पहिल्या दिवशी खळ केली. एक मोठा चमचा मैदा थोड्या गार पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही. मग त्यात कपभर पाणी घालून मंद आचेवर सारखे ढवळत राहायचे. पांढरा रंग जाऊन ती थोडी काचेसारखी दिसू लागली की उतरवायची. पुस्तक बांधणारे लोक खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. तो विषारी असतो. मुले बोटे चाटतात, म्हणून आम्ही काहीच घातले नाही. रोज ताजी केली, उरलेली टाकून दिली. सोलापूरच्या पोरांना खळ हा शब्द तसा नवा नसावा. या गावात सुतालाही खळ लावतात, म्हणजे मागावर ताणताना धागा तुटत नाही. आमच्या पोरांना मात्र तो नवाच निघाला. त्यांना डिंक म्हणजे दुकानातली प्लास्टिकची बाटली एवढेच ठाऊक.

चंद्रकोर कशी काढायची, हे मोठीने विचारले. आम्ही वाटी पालथी ठेवून गोल काढला, मग तीच वाटी दोन बोटे बाजूला सरकवून दुसरा गोल काढला. दोन गोलांच्या मधे जी कडा उरली ती कोर. पाच टोकांची चांदणी लहान हातांना जमत नाही. त्यावर सोपा उपाय म्हणजे दोन सारखे चौकोन कापायचे आणि एकावर एक तिरके चिकटवायचे. आठ टोकांची चांदणी होते. कुरआन शरीफच्या अनेक छापील प्रतींत भाग कुठे सुरू होतो हे दाखवायला असेच चिन्ह असते. मोठीने ते ओळखले आणि आतल्या खोलीत जाऊन नानीच्या कुरआनात बघून आली.

अम्मी हे सगळे पलंगावरून बघत होती. थोड्या वेळाने खाली उतरली आणि म्हणाली, "कैंची इधर देव." पतंगी कागदाची चौपदरी घडी घातली आणि न आखता, न मोजता, कोरी कापू लागली. एकेक कोर दुसरीशी जुळणारी. पोरे तोंड उघडे टाकून बघत राहिली. धाकटा म्हणाला, "नानी को मशीन आती."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितले. ती मशीन कुठून आली, हे आम्हांला माहीत होते.

अम्मीने पंचवीस-तीस वर्षे विड्या वळल्या. तेंदूची पाने रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याचे माप ठेवून एकेक पान कात्रीने कापायचे, चिमटीत जर्दा घेऊन पान वळायचे, दोऱ्याने बांधायचे, तोंड मोडून बंद करायचे, पंचवीस-पंचवीसचे कट्टे करायचे. मजुरी हजारावर. दिवसाला हजार भरले तर घर चाले. कारखान्यात नेल्यावर त्यातल्या मूठभर विड्या बिघडल्या म्हणून बाजूला काढत आणि त्यांचे पैसे देत नसत. सोलापुरात हे काम बहुतेक पद्मशाली घरांतल्या बायका करीत, आजही करतात. त्यांच्या शेजारच्या मुसलमान घरांतही सुपे होती. अब्बा यंत्रमागावर कामाला होते. दोघांची कमाई मिळून महिना कसाबसा निघे.

आम्ही सहा-सात वर्षांच्या झालो तशा विड्यांची तोंडे मोडू लागलो. शाळेतून आले की दप्तर ठेवायचे आणि सुपाजवळ बसायचे. 1986च्या बालकामगार कायद्याने विडीकाम लहान मुलांना बंद केले होते. पण घरच्या माणसांबरोबर घरात केलेल्या कामाला त्यात सूट होती. पुढे 2016च्या दुरुस्तीने ती वाट बरीच आवळली. तेव्हा आम्हांला कायदा माहीत नव्हता, सूटही माहीत नव्हती. एवढेच माहीत होते की आमच्या दोघींच्या चार हातांनी अम्मीचे शंभर-दीडशे जास्त होतात. कात्री, दोरा, घडी, मोजणी हे सगळे आम्ही त्या सुपाजवळ शिकलो. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आमची घडी सर्वांत सरळ येई, बाई कौतुक करीत. ती सरळ का येते, हे त्यांनी कधी विचारले नाही, आम्हीही सांगितले नाही.

म्हणून आज मुलांच्या हातात कात्री देताना आमच्या पोटात थोडे हलते. हात तेच आहेत, हत्यार तेच आहे. फरक एवढाच की संध्याकाळी या कोरी कोणी मोजून घेणार नाही आणि बिघडलेली बाजूला काढणार नाही. हा फरक दिसायला लहान आहे. आमच्या घराला तो मिळवायला एक पिढी लागली.

तरी अम्मी-अब्बांनी आम्हांला खेळच दिला नाही, असे लिहिले तर ते खोटे होईल. एका ईदला दिला. त्याची गोष्ट सांगायची तर आधी पंचांगाचे थोडे सांगायला हवे.

आपले हिजरी वर्ष चंद्राचे, साधारण 354 दिवसांचे. इंग्रजी वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान. मराठी महिनेही चंद्राचेच, पण तिथे दर तीनेक वर्षांनी अधिक महिना धरतात, म्हणून पाडवा चैत्रातून हलत नाही. आपल्यात अधिक महिना नाही, म्हणून ईद दरसाल अकरा दिवस मागे सरकते आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. याचा अर्थ, पाडव्याला खेटून आलेली ईद एका माणसाच्या वाट्याला लहानपणी आली तर पुन्हा येते ती त्याची मुले तेवढी झाल्यावर. आमच्या वाट्याला ती 1992 आणि 1993 साली आली. मग आली 2024 आणि 2025 साली.

1993चा मार्च. डिसेंबर आणि जानेवारीत मुंबईत काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. 12 मार्चला बॉम्बस्फोट झाले. रमजान चालू होता. आम्ही एक नऊ वर्षांची, एक सात वर्षांची. आमच्या गल्लीत कोणी कोणाला काही केले नाही. पण दारे अर्धी लोटलेली असत. शेजारी अक्का राहत. पद्मशाली, घरात तेलुगू बोलत, आमच्याशी सोलापुरी मराठी. अम्मी आणि त्या एकाच कारखान्याला माल देत, एकाच ओट्यावर बसून विड्या वळत. डिसेंबरनंतर अम्मी आत बसू लागली, त्याही आत बसू लागल्या. भांडण नव्हते. कोणी कोणाला बसू नको म्हटले नव्हते. तरीही ओटा रिकामा राहिला.

त्या ईदला नवे कपडे नाहीत, असे अब्बांनी सांगितले. पैसे नव्हते हे एक, आणि मनही नव्हते. आम्ही रडलो. दुसऱ्या दिवशी अब्बा कारखान्यातून येताना जुने जकार्डचे पुठ्ठे घेऊन आले. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्याने उठते ते हे भोकांचे लांबट पुठ्ठे. जिथे भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, जिथे नसेल तिथला खाली राहतो, आणि मधून आडवा धागा जातो. नक्षी बदलली की जुने पुठ्ठे रद्दीत जात. आता काही ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जकार्ड आले आहेत, तिथे पुठ्ठ्यांचे कामच उरलेले नाही. बरोबर त्यांनी तुटक्या रंगीत सुताची एक पिशवीही आणली.

त्या रात्री अम्मीने सूप बाजूला सारले. एरवी तरावीहच्या वेळीही तिचे हात चालत. अब्बांनी पुठ्ठे चौकोनी उभे करून कंदील बांधला, आम्ही भोकांतून लाल-हिरवे सूत ओवले, अम्मीने खळ केली आणि आतून पिवळा पतंगी कागद लावला. वर कागदाची कोर आणि चांदणी. आत दिवा ठेवल्यावर भोकाभोकांतून उजेड आला आणि भिंतीवर चादरीची नक्षी पडली. दोन दिवसांत असे दोन कंदील झाले. अम्मीच्या त्या दिवसांत सातशेच विड्या झाल्या. हे आम्हांला तेव्हा कळले नाही. पुढे कधीतरी अब्बांनी सांगितले.

कंदील दारात लावू या म्हटले तर अम्मी म्हणाली, "बाहर नक्को टांगो." एवढेच. आम्ही का म्हणून विचारले नाही. दोन्ही कंदील आत, खुंटीला.

दुसऱ्या दिवशी पाडवा. अक्कांच्या घरात तो उगादी. दरवर्षी त्या दिवशी त्यांच्याकडून वाटी येई. कडुनिंबाचा मोहर, चिंच, गूळ, कैरी घातलेली ती पच्चडी. आम्हांला ती आवडत नसे, तोंड वाकडे करून खात असू. त्या वर्षी दुपार झाली तरी वाटी आली नाही. अम्मी काही बोलली नाही, पण दोनदा दाराशी जाऊन आली. अक्कांच्या दाराला आंब्याच्या पानांचे तोरण होते, ते आम्ही खिडकीतून बघितले. मगरिबच्या थोडे आधी दार वाजले. अक्का वाटी घेऊन उभ्या. म्हणाल्या, "रोजा आहे तुमचा, म्हणून उशिरा आणली." आम्हांला आजही वाटते की कारण तेवढेच नव्हते. पण त्या आल्या, हे खरे.

त्यांचा लहान मुलगा पदराआडून आत बघत होता. त्याला खुंटीवरचे कंदील दिसले. "अम्मा, चादरीचा कंदील," असे काहीतरी तो तेलुगूत म्हणाला असावा. अम्मीने एक कंदील काढला आणि त्याच्या हातात दिला. आम्हांला वाईट वाटले, दोन दिवस खपून केलेला होता.

चंद्र दिसला, फटाके वाजले, अब्बा मशिदीतून आले आणि दारातच थांबले. आम्हांला हाक मारली. अक्कांनी तो कंदील त्यांच्या दारात, आंब्याच्या तोरणाखाली टांगला होता. आत दिवा लावून. त्या ईदला आमच्या गल्लीत चाँद-ताऱ्याचा कंदील एकच लागला, आणि तो उगादीच्या घरावर. अम्मी बराच वेळ बघत उभी राहिली. मग आत गेली आणि म्हणाली, "अपना बी टांगो."

ही गोष्ट आम्ही मुलांना 2025च्या रमजानात सांगितली. जकार्डचे जुने पुठ्ठे मिळतात का म्हणून शोधले, ओळखीच्या एका कारखान्यातून थोडे मिळाले. लहान मुलांना सुई न देता ओवायला शिकवायचे तर हे पुठ्ठे उत्तम. सुताच्या टोकाला मेण किंवा खळ लावून कडक करायचे की ते सुईसारखे भोकातून जाते. पाच वर्षांच्या पोराचे बोट त्यात रमते. दुसरे काम केले ते कागदाच्या चादरीचे. रंगीत कागदाला कडा सोडून उभे काप द्यायचे, हा ताणा. दुसऱ्या रंगाच्या पट्ट्या एक वरून, एक खालून घालत जायच्या, हा बाणा. पुढची पट्टी उलट. यात चूक झाली की लगेच दिसते आणि उसवून पुन्हा करता येते. मुलाला चूक सुधारायची सवय लागायला याहून सोपी गोष्ट आम्हांला माहीत नाही. जुन्या कॅलेंडरच्या जाड पानांची ईदीची पाकिटे केली. विजापूर वेशीच्या रमजान बाजारात लुकलुकणाऱ्या तयार माळा मिळतात. धाकट्याने त्याही मागितल्या, आम्ही एक घेऊनही दिली. खोटे कशाला सांगायचे?

पाडव्याच्या आठवड्यात सात वर्षांच्या मुलाने शाळेतून निरोप आणला. छोटी गुढी करून आणायची. आइस्क्रीमची काडी, जरीचा तुकडा, कागदी पेल्याचा तांब्या. पोरगा आनंदात होता. जरीचा तुकडा शिवणाच्या पिशवीतून निघाला. घरी आलेल्या एका वडीलधाऱ्या नातेवाईक बाईंनी बघितले आणि त्यांचा चेहरा उतरला. "ये अपना नै," त्या म्हणाल्या. त्यांचे मन आम्ही मोडणार नाही. त्यांच्या आयुष्यात पाहिलेले काही आहे, त्यातून ती भीती आली आहे. आम्ही एवढेच म्हणालो की हे शाळेतले हस्तकलेचे काम आहे. यात पूजा नाही, कोणी करायला सांगितलीही नाही. शेजाऱ्याच्या दारात काय उभे राहते आणि ते कशाचे बनते, हे पोराला हाताने कळले तर त्याचा ईमान कमी होत नाही. त्या गप्प राहिल्या. पटले असे नाही.

पण खरा प्रश्न पोराने विचारला. "ईद का क्या बनाके लेके जाऊं?" त्याच्या शाळेने ते सांगितले नव्हते. वाईट हेतूने नव्हे. सुचले नव्हते, एवढेच. ईद दुसऱ्याच दिवशी, त्या वर्गात आपली पाच-सहा मुले, आणि तरी सुचले नव्हते. आमच्यापैकी जी शिकवते तिने स्वतःच्या वर्गाचे आठवून बघितले. तिनेही इतकी वर्षे गुढी करून घेतली होती, कोर कधी सांगितली नव्हती. आपली बाईच असून! मुसलमान बाईने ईदचे सांगितले तर कोण काय म्हणेल, या धास्तीने. अम्मीचे "बाहर नक्को टांगो" तिच्याही तोंडात बसले होते. त्या आठवड्यात तिने वर्गात वाट्या नेल्या आणि सगळ्या मुलांकडून गुढीही करून घेतली आणि कोरही. कोणी काही म्हणाले नाही. एका आईने मात्र, वाटीची युक्ती छान आहे, असा निरोप पाठवला. आणि आमचा पोरगा त्याच्या शाळेत गुढीबरोबर, न सांगता, कागदाची चादर घेऊन गेला. त्याच्या बाईंनी ती भिंतीवर लावली.

चाँदरातीला अम्मीच्या दारात जकार्डचा कंदील लागला. या वेळी कोणी आत-बाहेर विचारले नाही. अब्बा आता नाहीत. कंदील त्यांच्याएवढा सरळ झाला नाही, एका बाजूला कललेला होता.

अक्का आता शेजारी राहत नाहीत. विडी कामगार बायकांसाठी कुंभारीजवळ दहा हजार घरांची वसाहत 2006 साली उभी राहिली, तिथे त्यांना घर मिळाले. गल्लीतले ते घर दुसऱ्याचे झाले. ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही अम्मीला आणि पोरांना घेऊन कुंभारीला गेलो. डब्यात शिरखुर्मा. निघताना अम्मीने उरलेल्या कागदाच्या कोरी गोळा केल्या, मोजल्या, दोऱ्याने बांधल्या. पंचवीस. तिच्या लक्षातही आले नाही की तिने कट्टा बांधला.

अक्कांच्या बोटांची पेरे अम्मीसारखीच वाकली आहेत. त्यांनी आम्हांला बसवले, उगादी होऊन दोनच दिवस झाले होते, दारावरचे तोरण अजून हिरवे होते. अम्मीने कोरींचा कट्टा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तळहातावर घेतला, अंगठा एका बाजूने फिरवला, पुन्हा फिरवला आणि म्हणाल्या, "आपा, चोवीसच हाईत की. कारखान्यात परत केलं असतं."

अम्मी चमकली. तिने मोजले होते. मग सगळ्यांनी धाकट्याकडे बघितले. त्याने खिशात हात घातला आणि चुरगळलेली एक निळी कोर बाहेर काढली. अक्कांनी ती मांडीवर ठेवून तळहाताने सपाट केली, दोऱ्यात सरकवली आणि म्हणाल्या, "बरोबर झालं."